इंग्रजीतलं ‘असंल’

माझी नात धाराशिवला सोनोग्राफीच्या दवाखान्यात इंग्रजीत ‘असंल’ लिवायचं काम करती. कुणी इचारलं की आमी सांगताव, रिपोर्ट टाईप करती म्हणून. पर मूळ काम तेवढंच हाय. डॉक्टरीनबाई मशीनवर बघत्यात, आत काय दिसतंय ते बोलत्यात, आन ही कम्प्युटरवर उतरून घेती. मशीनला समदं साफ कुठं दिसतंय? काळं-पांढरं धुकं असतंय नुसतं. त्यात हा खडा असंल, ही गाठ असंल, हे पाणी असंल. ते ‘असंल’ कागदावर कसं मांडायचं, त्याचाच तिला पगार हाय.

म्या तिसरीपस्तोर शाळेत गेले. इंग्रजी मला वाचाया येत न्हाय. पर ह्या एका ‘असंल’चं इंग्रजी मला चांगलंच कळलं. कळावं लागलं.

घरात आमी तिघी. म्या, माझी सून, आन नात. ल्योक टरकावर डायवर व्हता, तो येडशीजवळ अपघातात गेला. नात तवा नुकती चालाया लागलेली. सून गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजिवती. थोडं रान हाय ते बटईनं, वाट्यावर कसायला दिलंय. नात लोहाऱ्याला कॉलेजात शिकली, टायपिंग शिकली, आन ही नोकरी लागली. धाराशिवला दुसऱ्या पोरीसंगं खोली करून राहती, ऐतवारच्या ऐतवारी घरला येती.

नोकरीच्या सुरवातीला घरला आली की त्वांड पाडून बसायची. एकदा म्या इचारलं, “काय झालं गं?”

“डॉक्टर बोलल्या.”

“का? काय सांडलंस का फोडलंस?”

“काय न्हाय आज्जे. म्या लिवलं, असं वाटतंय की कदाचित बहुतेक खडा असण्याची शक्यता असू शकेल.”

“मंग बरं लिवलंस की. कसं नरम लिवलंस.”

“त्या म्हणल्या, आपल्याला खात्री न्हाय हे एकदा कळलं, चारदा कशाला सांगतीस? असलं वाचून पेशंट दुसऱ्या दवाखान्यात जाईल. आन त्यानं जायलाच पायजे.”

सून भाकरी थापत व्हती, ती तिथनंच हसली. “तुझ्या आज्जीला ठिवायला पायजे त्या दवाखान्यात. शेळी समोर व्यायला लागली तरी म्हणत्यात, गाभण असंल बाई.”

खरंच हाय ते. आमच्याकडं चांगली गोष्ट बी आमी ठाम बोलत न्हाव. पोरीला दिवस गेले का इचारलं तर म्हणायचं, असंल. ज्वारीची रास चांगली झाली का, बरी असंल. नजर लागू नये म्हणून. आन वाईट तर कवाच ठाम बोलायचं न्हाय.

पुढं पुढं नात शिकली. ऐतवारी न्हाऊन केस वाळवत बसली की मला सांगायची. डॉक्टरीनबाईनं तिला रीत घालून दिलेली. एका वाक्यात शंका एकच. कमी शंका असंल तर तिला एक शबूद, मधली असंल तर दुसरा, लई असंल तर तिसरा. आपल्या मनानं तो बदलायचा न्हाय. शंका का आली ते लिवायचं, कडा वाकडी दिसली म्हणून का सावली पडली म्हणून. आन शेवटाला, आता पेशंटनं काय करावं ते लिवायचं. ‘मे बी’, ‘परहॅप्स’, ‘असं वाटतंय’ ह्यांची भरताड काढून टाकायची. तिनं पयल्या पयल्यानं टाईप केलेल्या रिपोर्टावर डॉक्टरीनबाई पेनानं काट मारायच्या, ते कागद ती घरी आणून परत परत वाचायची. म्या म्हणायची, तापलेल्या लेकरावर आपुन गोधडीवर गोधडी टाकताव तसं व्हतं व्हय गं तुझं इंग्रजी. ती म्हणायची, “व्हय आज्जे. आन लेकरू आत गुदमरतंय.”

आमचं घर असं चाललेलं. मंग सुनंला गाठ निघाली.

ती काय बोलली न्हाय. मलाच दिसलं. पाण्याची घागर ती हमेशा डाव्या कडंवर घ्यायची, ती उजवीकडं घ्यायला लागली. म्या दोन-चार दिवस बघितलं. मंग एक दिवस ती अंघोळ करून आली तशी म्या दार लोटलं आन म्हणलं, “दाव.”

“काय दावू आत्या?”

“जे लपिवतीस ते.”

तिनं पदर बाजूला केला. काखंच्या खालच्या अंगाला, छातीत, शेंगदाण्याएवढी गाठ हाताला लागली. दाबल्यावर सरकत न्हवती. ती माझ्या तोंडाकडं बघत व्हती. म्या तोंडावर काय बी येऊ दिलं न्हाय. तेवढं मला जमतंय.

“कवापासनं?”

“संक्रांतीच्या म्होरं.”

“दुखती का?”

“न्हाय. दुखली असती तर सांगितलं नसतं का.”

नातीला फोन केला. ती म्हणली, उद्याच या. यष्टीनं आमी धाराशिवला गेलाव. वाटंत सून खिडकीतनं बाहीर बघत व्हती. म्या तिच्या हाताकडं बघत व्हते. पिशवीचा बंद ती पिळत व्हती, सोडत व्हती, पिळत व्हती.

दवाखान्यात नातीनं आमाला बाकड्यावर बसिवलं. पोरगी निराळीच दिसत व्हती तिथं. गळ्यात कार्ड, केस बांधलेले. पर हात गार व्हते, माझ्या हाताला लागले तवा कळलं. सुनंला आत नेलं. लई येळ लागला. दुसऱ्या बाया मागनं जाऊन म्होरं बाहीर आल्या, ही आतच. म्या बाकड्यावर बसून जमिनीवरच्या फरशीचे ठिपके बघितले. दुसरं काय करणार.

मंग सून बाहीर आली, माझ्या शेजारी बसली. डॉक्टरीनबाईंनी नातीला आत घेतलं. दार अर्धं उघडंच व्हतं. बाईंचा आवाज येत व्हता, पयलं इंग्रजीत, ते काय कळलं न्हाय. मंग बराच येळ नुसती कम्प्युटरची टकटक. मंग बाई मराठीत बोलल्या.

“हे काय लिहिलंस?”

टकटक थांबली.

“वाचून दाखव मला.”

नातीनं वाचलं. मला इंग्रजी येत न्हाय, पर ‘मे बी’ मला वळखू आलं, ‘परहॅप्स’ बी वळखू आलं. जी भरताड तिनं वर्षभर काढून टाकलेली, ती समदी परत आलेली.

बाई म्हणल्या, “तुझी आई आहे हे मला माहिती आहे. मी दुसऱ्या कुणाकडून टाईप करून घेऊ का?”

“न्हाय मॅडम.” लगेच म्हणली. “म्याच करते.”

“मग मी जे सांगितलं ते लिही. सोलापूरचा डॉक्टर हे वाचणार आहे. तू असं गुंडाळून ठेवलंस तर त्याला कळणारच नाही घाई करायची की नाही. तू आईला वाचवत नाहीस, तू डॉक्टरला आंधळं करतेस.”

परत टकटक झाली. ह्या येळला थोडीच.

सुनंला हे ऐकू गेलं का न्हाय मला तवा कळलं न्हाय. ती समोरच्या भिंतीकडं बघत व्हती.

मंग बाईंनी आमाला आत बोलावलं. चांगल्या हायत बाई, सुनंच्या खांद्यावर हात ठिवला. म्हणल्या, “वाईट असण्याची शक्यता कमी आहे. पण शक्यता आहे. त्यामुळं सोलापूरला जाऊन सुईनं तुकडा काढून तपासायचा. उशीर करायचा नाही.”

सून म्हणली, “बरं.”

तेवढंच. पर ती जे ‘बरं’ म्हणली, ते मला वळखू आलं. तसं ती आदी एकदाच म्हणलेली.

माझा ल्योक गेला तवा गावात थोड्याच घरी फोन व्हते. दुकानदाराच्या फोनवर सांगावा आला. दुकानदार आला आन म्हणला, जरा लागलंय पोराला, शिरीयस हाय, चला. आमच्याकडं मयताची खबर अशीच देत्यात. गेला म्हणून कुणी सांगत न्हाय. जरा लागलंय. तब्येत बरी न्हाय. आईनं बोलावलंय, येऊन जा. समद्यांना ठावं असतंय. ऐकणाऱ्याला बी ठावं असतंय. पर ज्याचं गेलंय ते माणूस वाटंत कोलमडू नये, घरला पोचंपस्तोर निभावं, म्हणून तसं बोलायचं. मला दुकानदाराच्या तोंडाकडं बघूनच कळलं. म्या गपचिप चपला घातल्या.

सून तवा कवळी पोरगी. तिला खरंच वाटलं, जरा लागलंय. तिनं त्याच्यासाठी धुतलेली चादर घेतली, दवाखान्यातली घाण असती म्हणून. टिफीनमदी कढी-भात घेतला. जीपमदी बसलाव. कुणी बोलंना. येडशीच्या अलीकडं शेजारची एक म्हातारी तिला म्हणली, “पोरी, गळ्यातलं काढून सासूकडं दे. दवाखान्यात चोऱ्या लई व्हत्यात.”

सुनंनं तिच्याकडं बघितलं. मंग माझ्याकडं बघितलं. आन म्हणली, “बरं.” मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं. कढी-भाताचा डबा मांडीवर धरूनच बसली पुढच्या समद्या वाटंनं.

तवापासनं नरम बोलण्यावर तिचा इस्वास न्हाय. कुणी ‘जरा’ म्हणलं की तिला ‘समदं’ ऐकू येतंय. आन आता डॉक्टरीनबाई म्हणल्या, शक्यता कमी हाय. पोटची पोर डोळे पुसून बाहीर आली आन म्हणली, आई, नुसतं खात्रीसाठी जायचंय. सुनंनं काय ऐकलं ते मला कळत व्हतं. जीप भरून माणसं बसलीत, आन कुणी बोलंना.

घरला आलाव त्या सांजंलाच तिनं कानातलं काढलं, फडक्यात गुंडाळलं. मला म्हणली, “आत्या, हे तिच्या लग्नात.”

म्या म्हणलं, “तुझ्या हातानं दे.”

दुसऱ्या दिवसापासनं ती मला शिकवाया लागली. गॅसची टाकी संपली तर कुणाला फोन करायचा. मिरच्या कुठल्या डब्यात, बियाणं कुठं टांगलंय. मोबाईलवर हिरवं दाबायचं, तांबडं दाबायचं न्हाय. म्या म्हणलं, “बया, माझं वय बघ आन तुझं बघ. कोण कुणाला सांगतंय?” ती म्हणली, “ऐकून तर ठिवा.” म्या ऐकून ठिवलं. तिच्यासमोर हिरवं दाबून दावलं. तिला तेवढंच बरं वाटत असंल तर वाटू दे म्हणलं. पर आतनं माझी फिकीर निराळी व्हती. ती सोलापूरचं नाव घीना.

चार-सा दिवस गेले. म्या इचारलं, “कवा जायचं?”

“कशाला?”

“सुई टोचायला.”

“आत्या, सुई लावली की पसरतंय म्हणत्यात. जे हाय ते शांत हाय, त्याला का डिवचायचं? शाळेची परीक्षा हाय, पोरांना कोण घालील?”

“दुसरी बाई घालील.”

“आन दुसऱ्या बाईला काम गोड लागलं म्हंजी?”

नातीचा रोज फोन यायचा. सून बोलायची न्हाय, मला द्यायची. म्या स्पीकर लावायची. नात म्हणायची, “आई, काय न्हाय गं. खरंच काय न्हाय. तू उगंच घाबरलालीस. जाऊन तर येऊ.” तिनं जितक्यांदा ‘काय न्हाय’ म्हणलं, तितकी सून आत आत गेली. म्या बघत व्हते. मला वाटत व्हतं पोरीच्या तोंडावर हात ठिवावा. पर फोनवर कसा ठिवणार.

रातचं जेवण सून अर्धं टाकायची. सकाळी उठून कामाला जायची, खिचडी करून यायची, आल्यावर भिंतीला टेकून बसायची. हात आपोआप काखंपशी जायचा. म्या बघितलं की काढायची. मला बी घोर लागला त्या गाठीचा. भांडं घासताना, ज्वारी निवडताना मनात तेच. वाढलालीय का. आज वाढली का. म्या इथं ज्वारी निवडलाले आन ती तिथं वाढलालीय का. म्या आयुष्यात लई काढलंय. ल्योक जाळून आल्यावर तिसऱ्या दिवशी कामाला गेलेली बाई हाय म्या. पर जे झालंय ते सोसता येतंय. झालंय का न्हाय हेच ठावं नसलं तर काय सोसायचं? हाताला धराया काय लागत न्हाय.

ऐतवारी नात आली. पिशवी खाली ठिवायच्या आदी म्हणली, “आई, उद्या सुट्टी काढलीय म्या. सोलापूर.”

“म्या न्हाय येत.”

“का?”

“मला समदं कळतंय. तू नको सांगू.”

“काय कळतंय तुला? सांग की, काय कळतंय?”

“तू मला ‘काय न्हाय, काय न्हाय’ म्हणलालीस ते. तुझ्या बापाच्या टायमाला बी असंच म्हणत व्हते. तुला काय ठावं? तू कडंवर व्हतीस.”

“म्हंजी म्या खोटं बोलते?”

“आईसंगं सगळीच खोटं बोलत्यात. नोकरीला लागलीस म्हणून निराळी झालीस का?”

नात रडायला लागली. सुनंनं तोंड फिरवलं. रडणारी पोर बघून तिची खात्री आणखीच झाली, हे मला दिसत व्हतं. म्या उठले. नातीची पिशवी घेतली, त्यातनं रिपोर्टाचा कागद काढला, तिच्या हातात दिला.

“वाच.”

“आज्जे, ते इंग्रजीत हाय.”

“मला ठावं हाय. एक वळ वाच, तिचं मराठी सांग. मंग दुसरी वळ. आन लेक म्हणून वाचू नको. दवाखान्यात गळ्यात ते कार्ड घालतीस नव्हं? तशी वाच.”

तिनं नाक पुसलं. कागद सरळ केला, वाचाया लागली. डावी बाजू. गाठ अमुक जागी. कडा बऱ्याच जागी सरळ, एका बाजूला थोडी वाकडी. काखंत गाठी न्हायेत. मंग थांबली.

“म्होरं?”

“संशय कमी. तुकडा काढून तपासावा. लवकर.”

“एवढंच?” सून म्हणली.

“एवढंच.”

“‘कमी’ म्हंजी काय? नरम बोलायचं म्हणून कमी?”

“न्हाय आई. ‘कमी’ हा शबूद मापून लिवत्यात. त्याच्या वर मधला संशय हाय, त्याला निराळा शबूद हाय. त्याच्या वर लई हाय. तो लईचा शबूद म्या ह्याच बोटांनी कितीतरी बायांच्या कागदावर लिवलाय. त्यांच्या पोरी बाहीर बसलेल्या असत्यात, त्यांना बघून मला लिवू वाटत न्हाय, तरी लिवते. तुझ्या कागदावर तो असता तर मला लिवावाच लागला असता. मॅडमनी मला सोडलं नसतं.”

सून म्हणली, “त्या तुला वरडत व्हत्या आत. म्या ऐकलं.”

“व्हय.”

“का?”

नातीनं खाली बघितलं. “म्या तुझ्या कागदावर भरताड घातलेली. कदाचित, बहुतेक, असं वाटतंय, असू शकेल. मला तो एक शबूद तुझ्या नावाखाली उघडा ठिवू वाटंना.”

“आन त्यांनी?”

“काढाया लावली. म्हणल्या, एकच ठिव.”

“म्हंजी नरम तू केलेलं. त्यांनी न्हाय.”

“त्यांनी न्हाय.”

सुनंनं कागद मागितला. तिला बी इंग्रजी वाचाया येत न्हाय, पर ती बघत बसली. बोट ठिवून इचारलं, “कुठला तो शबूद?” नातीनं दावला. सुनंनं त्याच्यावर बोट फिरवलं. दोन्ही बाजूला बघितलं, आजूबाजूला आणखी काय चिकटलंय का म्हणून.

“एकटाच हाय,” ती म्हणली.

“एकटाच हाय.”

सुनंनं कागदाची घडी घातली, नातीला परत दिला. मंग सून म्हणली, “येते म्या. पर एक गोष्ट. तुकड्याचं जे काय निघंल, ते मला पयलं सांगायचं. आज्जीला न्हाय, शेजारी न्हाय. आन जसं लिवलंय तसं. ‘जरा’ म्हणलीस तर माझं तुझं बोलणं बंद.”

“आन वाईट लिवलेलं असलं तर?” नातीनं इचारलं. तिचा आवाज परत लेकीचा झालेला.

“तर तेच वाचायचं. म्या कोलमडले तर आत्या हायत उचलायला.”

म्या म्हणलं, “म्या न्हाय उचलत. तू जड हायस.”

तवा कुठं ती हसली.

सोलापूरला सुई झाली. सून वरडली बी न्हाय. कागद आठ-धा दिवसांनी येणार म्हणले. ते दिवस कसे काढले ते आमालाच ठावं. शाळेत एक दिवस खिचडीत मीठच न्हाय, दुसऱ्या दिवशी दोनदा पडलं, पोरांनी ताटं तशीच ठिवली. घरात आमी दोघी गाठीचं नाव घेत नव्हताव. शेळ्यांचं बोलायचो, बटईवाल्याचं बोलायचो. फोन वाजला की दोघी बी हातातलं सोडायचो, मंग कंपनीची बाई काय तरी इकाया बोलायची.

कागद नातीच्या दवाखान्यात आला त्या दिवशी सून शाळेत व्हती आन मोबाईल घरी राहिलेला. दुपारच्या आदी वाजला. म्या हिरवं दाबलं.

“आज्जे, आईला दे.”

“ती शाळेत हाय. मला सांग.”

“न्हाय आज्जे. ठरलंय. आईला पयलं.”

तिच्या आवाजावरनं काय कळतंय का म्हणून म्या कान लावला. काय कळलं न्हाय. पोरीनं आवाज असा धुवून ठिवलेला की त्यात चांगलं बी दिसंना, वाईट बी दिसंना. म्या म्हणलं, “बरं, तिथं जाते. तू चालूच ठिव.”

शाळा लांब न्हाय, पर ती वाट मला सरंना. पळावं वाटत व्हतं. पर म्हातारी बाई पळत निघाली की गाव समजतंय काय ते. दारात बसलेल्या बाया बघतात, मंग मागं मागं येत्यात. म्या हळू चालले. फोन पदराखाली धरला. एकीनं इचारलं, “कुठं निघालाव, मामी?” म्या म्हणलं, “खिचडी खायला.” आन चालत राहिले. आतनं पोरीच्या श्वासाचा आवाज येत व्हता फोनमधनं.

सून मोठ्या पातेल्यात पळी घालून उभी व्हती. मला बघितलं, फोन बघितला. गॅस बारीक केला. हात पदराला पुसले. फोन घेतला आन स्पीकर लावला. म्या म्हणलं, “तू एकटी ऐक की.” ती म्हणली, “उभ्या राहा.”

“बोल.”

“आई, वाचते. जसं लिवलंय तसं.” फोनमधनं कागद सळसळला. “घेतलेल्या तुकड्यात कॅन्सर दिसला न्हाय. तुकडा बरोबर गाठीतनंच आलाय. सहा महिन्यांनी परत सोनोग्राफी करावी. गाठ वाढली तर त्याच्या आदी.”

खिचडी तळाला लागाया लागली, वास आला. म्या जाऊन पळी फिरवली.

“आन?” ती म्हणली.

“आन काय न्हाय. एवढंच लिवलंय.”

“म्हंजी न्हाय ना मला?”

म्या जाणत व्हते, पोरीला तिथं ‘न्हाय गं माय, काय न्हाय तुला’ असं म्हणू वाटत असणार. आमी कुणी बी तसंच म्हणलं असतं. जीभंवर आलेलं माझ्या. पर ती म्हणली, “तुकड्यात न्हाय, आई. गाठीवर नजर ठिवायला सांगितलंय.”

“तुला काय वाटतंय?”

“मला काय वाटतंय ते रिपोर्टात लिवत न्हायेत.”

सून हसली आन खाली बसली. तिथंच, कांद्याच्या पोत्याला टेकून. पदर तोंडाला लावून रडली, हुंदका देऊन. ल्योक गेल्यावर बी ती अशी मोकळी रडली न्हवती. फोनवर पोर “आई, आई” करत व्हती. सून म्हणली, “हाय गं. हाय म्या. खरं वाटलंय मला, म्हणून रडलाले.” तिनं इस्वास ठिवला तो चांगलं हाय म्हणून न्हाय. पोरीनं चांगल्याला जोडून ती नजर ठिवायची अडचण बी वाचली म्हणून ठिवला. नुसतं गोड सांगितलं असतं तर सून परत कानातलं काढून बसली असती.

आता तिसरा महिना सरत आलाय. भेव गेलंय असं कोण म्हणंल? सहा महिने म्हणले की त्यांची एक तारीख येणारच, परत ते बाकडं, परत ती फरशी. सून कामाला जाती, मीठ बरोबर पडतंय. पर घागर अजून उजव्याच कडंवर घेती.

दर ऐतवारी तिची अंघोळ झाली की म्या दार लोटते आन हात लावून बघते. दवाखान्यात त्यांनी सांगितलंय महिन्यातनं एकदा बघा, पर आमाला तेवढा दम निघत न्हाय. परवा बघत व्हते. ती छताकडं बघत व्हती, श्वास धरून.

“काय हो आत्या?”

म्या म्हणलं, “वाढली नसंल असं वाटतंय बाई.”

ती एकदम म्हणली, “वाटतंय नको. बोटाला काय लागतंय ते सांगा.”

म्या परत बोट ठिवलं. बाजूबाजूनं फिरवलं. येळ घेतला.

“तेवढीच लागती,” म्या म्हणलं.

तिनं श्वास सोडला आन पोलकं घातलं.